आनंदीबाईंचं वाक्य

तिसरं दालन विनोद रेवाळेच्या वाट्याला आलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं.

आरे-वारेच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, राष्ट्रीय युद्धसंग्रहालय आणि स्मारक उभं राहून सहा-सात वर्षं झाली होती. बाहेर रणगाडा, एक जुनं लढाऊ विमान आणि नावांची भिंत. आत चार दालनं. पहिल्यात बंदुका, दुसऱ्यात नकाशे आणि गणवेश, चौथ्यात फिल्म. तिसऱ्या दालनाचं नाव 'मागे राहिलेले'. तिथे बघण्यासारखं फारसं काही नव्हतं. भिंतीवर जवानांचे फोटो, मध्ये बाकं, आणि अंधारात छतातून येणारे त्यांच्या घरच्यांचे आवाज. माणसं आत आली की दार लावायचं, दिवे मंद करायचे, बटण दाबायचं. आवाज संपले की दिवे लावायचे, दार उघडायचं. माणसं गेली की बाकांखालची वाळू झाडायची. कारण निम्मी माणसं समुद्रात डुंबून आलेली असत, ओल्या पायांनी, आणि त्यातल्या अर्ध्यांना आधी बाथरूम कुठे आहे तेच हवं असे.

दालनाला खिडकी नव्हती. एसीने गुडघे धरत. बसायला खुर्ची होती, पण पाहुणे आत असताना बसायचं नाही असा नियम होता, आणि सुट्टीच्या दिवसांत पाहुणे आत नाहीत असं होतच नसे.

पण विनोदची अडचण वेगळी होती. छतातून येणारे आवाज तीन होते. पहिला एका बाईचा, लग्नाला वर्षही न झालेल्या. दुसरा एका म्हाताऱ्या शिक्षकाचा. आणि शेवटचा विनोदच्या आईचा.

"माझा मोठा मुलगा काशीराम युद्धात गेला," आई सांगायची. "निरोप घेऊन साहेब आले. मी रडले नाही. मी साहेबांना म्हटलं, मला अजून एक मुलगा आहे. तोही देशाला देईन."

इथे संगीत वर चढायचं आणि अंधारात टाळ्या पडायच्या. दाराशी, दिव्याच्या बटणावर हात ठेवून, तो अजून एक मुलगा उभा असायचा.

ते रेकॉर्डिंग झालं तेव्हा विनोद मुंबईत एका सोसायटीत वॉचमन होता. शहिदाच्या घरचा म्हणून त्याला संग्रहालयात नोकरी मिळाली, तो बायको-पोरांना घेऊन गावी परत आला, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी त्याने ते ऐकलं. आवाज आईचा होता, पण बोलणं आईचं नव्हतं. रेकॉर्डिंगवाल्यांनी तिच्या 'नाय'चं 'नाही' करून घेतलं होतं. पाठ्यपुस्तकातला धडा वाचावा तशी ती बोलत होती. सुरुवातीला बरोबरची माणसं चेष्टा करायची, "रेवाळे, तुला तर देऊन टाकलाय." मग तेही कंटाळले. विनोद आवाज ऐकेनासा झाला. आई बोलायला लागली की तो दुसरंच काहीतरी डोक्यात आणायचा. पंपाचा वॉल्व्ह, गुरांची वैरण, पोराची फी. टाळ्या पडल्या की हात आपोआप दिव्याकडे जायचा.

घरी या वाक्याबद्दल तो कधी बोलला नाही. कारण ते खोटं आहे हे त्याला आणि आईला दोघांनाही माहीत होतं.

काशीराम गेला तेव्हा विनोद शाळेत होता. त्यानंतर दोन वर्षांनी रत्नागिरीच्या मैदानावर सैन्यभरती होती. विनोद घरी न सांगता गेला. धावण्यात निघाला, उंचीत बसला, छाती मोजायच्या रांगेत बनियन काढून उभा होता. तेवढ्यात, कुणाकडून तरी कळून, आई आली. पहिल्या एसटीने हातखंब्यापर्यंत, तिथून कुणाच्या तरी टेम्पोतून. लुगडं चिखलाने भरलेलं. कुणाला काही कळायच्या आत ती दोरीखालून आत शिरली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

भरतीचा साहेब मराठी होता. कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं असावं ही कोण ते. तो उठून उभा राहिला. "आई, तुम्ही रेवाळेंच्या मातोश्री ना? तुम्हीच म्हणाला होतात, दुसराही देईन. पेपरात आलं होतं."

"पेपरात म्हटलं," आई म्हणाली. "इथं नाय म्हणत."

रांगेतली पोरं हसली. विनोदला तिने तसाच, उघड्या अंगाने, फाटकाबाहेर नेला. त्याने एकदाही हात सोडवून घेतला नाही. घेता आला असता. अंगात ताकद तिच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. पण तिचा हात थरथरत होता आणि त्याला तो झटकवेना. त्याच आठवड्यात तो मुंबईला निघून गेला आणि वर्षभर तिच्याशी बोलला नाही. पुढे बोलायला लागला, पण मैदानावरची गोष्ट तशीच राहिली.

आई संग्रहालयात कधी आली नव्हती. दर वर्षी जुलै अखेरीस विजय दिवसाला शहिदांच्या कुटुंबीयांचा सत्कार व्हायचा. दर वर्षी आमंत्रण यायचं आणि दर वर्षी आईचे गुडघे दुखायचे. यंदा संग्रहालयाच्या क्युरेटर संस्कृती मॅडम स्वतः घरी आल्या. तिशीच्या असतील. नागपूरकडून इथे येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं आणि दमट हवेत गणवेशांना लागणाऱ्या बुरशीशी भांडून त्या पुरत्या वैतागल्या होत्या. पडवीत बसून त्यांनी चहा घेतला आणि म्हणाल्या, "आजी, यंदा तुम्ही याच. गाडी पाठवते मी."

दारी आलेल्या माणसाला आईने नाही म्हटलेलं विनोदला आठवत नव्हतं. "येईन," ती म्हणाली.

त्या दिवशी पाऊस धो धो लागला होता. कार्यक्रम बाहेरच्या मंडपाऐवजी आत घ्यावा लागला. भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. आई खुर्चीत अंग चोरून बसली होती. सगळं आटोपल्यावर पाहुण्यांना दालनं दाखवायला सुरुवात झाली, आणि दाभोळकडच्या एका शाळेची मुलं घेऊन बसही तेव्हाच आली. त्या गर्दीतून मॅडम आईचा हात धरून तिला तिसऱ्या दालनात घेऊन आल्या आणि पहिल्या बाकावर बसवलं.

विनोद दारापाशी होता. त्याने मॅडमना खुणेने विचारलं, लावू का? त्यांनी मान हलवली.

त्याने दार लावलं, दिवे मंद केले, बटण दाबलं. त्या दिवशी त्याला पंपाचा वॉल्व्ह आठवेना. सगळं ऐकू येत होतं. ती तरुण बाई बोलली. शिक्षक बोलले. मग आई बोलायला लागली आणि बाकावरची आई मान वर करून छताकडे बघायला लागली. कोण बोलतंय ते तिला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

"...तोही देशाला देईन."

टाळ्या पडल्या. विनोदने दिवे लावले.

शाळेच्या बाईंनी शालीवरून ओळखलं असावं. त्या पुढे आल्या आणि मुलांना म्हणाल्या, "बघा, केवढं भाग्य आपलं! ह्याच त्या वीरमाता. आजी, मुलांसाठी एकदा, तुमच्या तोंडून ते वाक्य म्हणा ना."

मुलं गोळा झाली. कुणीतरी मोबाइल वर धरला.

"म्हणा ना आजी."

"नाय," आई म्हणाली. "खोटं हाय ते."

शाळेच्या बाई हसल्या. ऐकण्यात चूक झाली असं त्यांना वाटलं असावं.

"खोटं हाय गो बाय," आईने पुन्हा सांगितलं. "मी बोललेच नव्हते. काशीला आणलंनी तेव्हा एक पुढारी आला होता. तो माईकवर बोलला, आनंदीबाई म्हणतात दुसरा पण देईन. मी तेव्हा शुद्धीवर पण नव्हते. मग पेपरवाल्याने छापलंन. मग जो येल तो म्हणायचा, बोला, ते बोला. मी बोलायची. ह्या आवाजवाल्यांनी पण तेच सांगितलंनी. मला वाटलं, बोलल्याने काय होतंय."

एका मुलीने, दोन वेण्यांच्या, हळूच विचारलं, "मग आजी, तुम्हाला देशासाठी द्यायचा नव्हता?"

आईने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. "मी कोण देणारी? काशी त्याचा तो गेला. हौसेने गेला. मला कोणी इचारलंन नाय. आणि धाकट्याला मी धरून ठेवलं. तो तिकडे दिव्याजवळ उभा हाय बघ, तो. त्याला जायचं होतं. मी नाय जाऊ दिला."

सगळ्या मुलांनी वळून विनोदकडे बघितलं. त्याने दार उघडलं.

परतीच्या गाडीत आईने मागच्या सीटवर शालीची घडी घातली. तो पुढच्या सीटवर बसून वायपरकडे बघत राहिला.

दोन दिवसांनी मॅडमनी त्याला ऑफिसात बोलावलं. कुणीतरी ते मोबाइलवरचं सगळीकडे पाठवलं होतं. संग्रहालयाच्या समितीच्या अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता. ते वाक्य माहितीपत्रकावर होतं, तिकीटघराशेजारच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं.

"अध्यक्ष म्हणतात, आईंना समजवा," मॅडम म्हणाल्या. "वयामुळे विसरल्या, असं काहीतरी सांगता येईल म्हणे."

विनोद उभाच होता. "मॅडम, ती काही विसरलेली नाय."

"मला माहीत आहे. बसा ना तुम्ही."

तो बसला. बसल्यावर त्याला कळलं आपण किती दमलो आहोत. त्या दिवसापुरते नाही, सगळ्या वर्षांचे.

"तुम्ही रोज ऐकत होतात," मॅडम म्हणाल्या. "मला कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? ड्यूटी होती."

मॅडमनी डोळे चोळले. त्यांनाही रात्री झोप नसावी. मग म्हणाल्या, "मी वाक्य बंद करते. अध्यक्षांचं मी बघते. पण आईंचा आवाज काढून टाकायचा नाही मला. त्यांना पुन्हा बोलायचं असेल, त्यांना हवं तसं, तर मी घरी येते."

विनोदला वाटलं होतं आई नको म्हणेल. ती म्हणाली, "येऊ दे."

मॅडम एका दुपारी छोटं यंत्र घेऊन आल्या. या वेळी कुणी काही पढवलं नाही. आई पडवीत भिंतीला टेकून बसली आणि बोलत राहिली. काशीराम सकाळी उठायचा नाही म्हणून त्याच्या अंगावर पाणी ओतायला लागायचं. कुळथाच्या पिठीत मीठ कमी असलं की ताट सारायचा. सुट्टीवर आला की गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बिडी पाजायचा. शेवटच्या सुट्टीत त्याने विहिरीचा कठडा बांधायला काढला आणि अर्धा टाकून गेला. पुढच्या खेपेला पुरा करतो म्हणाला. मध्येच कोंबडी ओरडली, मध्येच विनोदच्या बायकोने, वेदिकाने, चहा आणला, तो कप वाजला. ते सगळं यंत्रात गेलं. मग आई भरतीच्या मैदानाचं बोलली. "माझा हात बघून साहेबाने तोंड फिरवलंन," ती म्हणाली. विनोद मागच्या दारात उभा होता. हे त्याने बघितलं नव्हतं. त्याला फक्त हसणारी पोरं दिसली होती.

समितीने त्यातलं मैदान गाळलं. विहीर, बिडी आणि पिठी ठेवली. मॅडम भांडल्या, पण तेवढ्यावरच निभावलं. भिंतीवरच्या वाक्यावर पांढरा रंग मारला, तरी ऊन तिरपं पडलं की अक्षरं खालून दिसत. आणखी एक हात मारायला हवा होता, पण कंत्राटदार गणपतीनंतर येतो म्हणाला आणि गणपतीनंतर आला नाही.

नवा आवाज सुरू झाला आणि टाळ्या थांबल्या. लोक दिवे लागल्यावर क्षणभर तसेच बसत, मग उठून चौथ्या दालनाकडे जात. कुणी डोळे पुसत, कुणी काहीच नाही. एक गृहस्थ विनोदला म्हणाले, "मागच्या वेळी इथे एक जबरदस्त वाक्य होतं हो. अंगावर काटा आला होता. ते का काढलं?"

"दुरुस्ती चालू हाय," विनोद म्हणाला.

आता आपल्याला सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. पण उलटच झालं. जुन्या आवाजाकडे त्याला दुर्लक्ष करता येत होतं, कारण त्यात घरचं कुणी नव्हतंच. या नव्यात काशीराम होता. अंगावर पाणी ओतलं की शिव्या देत उठणारा, बिडीचा वास येणारा. इतक्या वर्षांत फोटोतल्या गणवेशाशिवाय विनोदला त्याचं काही आठवत नव्हतं, आणि आता दिवसातून कितीतरी वेळा, अंधारात, भाऊ परत यायचा आणि दिवे लावले की जायचा. एकदा दिवे लावायलाच तो विसरला. लोक अंधारात चाचपडत उठले, एक बाई बाकाला अडखळली. त्या संध्याकाळी तो आपणहून मॅडमकडे गेला.

"मला बाहेर टाका. बागेत, रणगाड्यावर, कुठेही. आत नको."

"उन्हात काम आहे ते. पाऊस-वाऱ्यात."

"चालेल."

मॅडमनी विचारलं नाही का ते. पुढच्या आठवड्यापासून तिसऱ्या दालनात दुसरा माणूस आला.

ऑक्टोबरात भात पिकलं. सोमवारी संग्रहालय बंद असायचं, म्हणून विनोद सोमवारी कापणीला लागला. वेदिका पुढच्या कुणग्यात, बांधापलीकडच्या भाताच्या तुकड्यात होती. आईला वाकवत नव्हतं, तरी ती बांधावर येऊन बसली होती, पेंढ्या बांधायला बंध वळून द्यायची.

"आता कुठे असतोस?" तिने विचारलं.

"बाहेर. साफसफाई, रंग, काय ते."

"आत नको झालं?"

"नको झालं."

ती थोडा वेळ बंध वळत राहिली. "माझा आवाज नको झाला म्हण की."

"तसं नाय, आये." तो कमर सरळ करून उभा राहिला. खोटं सांगायचा कंटाळा आला होता. "तू काशीदादाचं बोलतेस ते ऐकवत नाय. आधीचं ते वाक्य चालत होतं."

आईने मान डोलावली, जसं काही तिला हेच वाटलं होतं. मग म्हणाली, "तुला जायचं होतं ना तेव्हा. खरंच जायचं होतं."

इतक्या वर्षांत हे तिने पहिल्यांदा विचारलं. विनोदने विळा जमिनीत रोवला आणि बांधावर तिच्या शेजारी बसला.

"होतं."

"अजून राग हाय?"

त्याने विचार केला. राग होता, पण कुठे ठेवलाय ते आठवत नसलेल्या वस्तूसारखा. "असेल थोडा. पण तू आली नसतीस तर मला आवडलं असतं असं पण नाय. काय सांगू तुला. मलाच नीट कळत नाय."

"धर राग," आई म्हणाली. "मला चालतो. समोर बसून धरलास तरी चालतो. उद्या परत ते मैदान आलं तर मी परत तेच करीन, एवढं ऐकून ठेव."

"आता कोण घेतंय मला? गुडघे वाजतात."

ती हसली. दात नसलेल्या तोंडाने, आवाज न करता. मग तिने त्याचा हात पुढे ओढून घेतला, तळवा उलटा करून बघितला. विळ्याने बोटाला कापलं होतं, रक्त वाळलं होतं. तिने पदराचं टोक थुंकीने ओलं करून ते पुसलं. त्याने पुसू दिलं.

"वेदिका एकटी कापत ऱ्हायली हाय," ती म्हणाली. "ऊठ."

तो उठला. अर्धा कुणगा बाकी होता.